स्वान्ते अऱ्हेनियस : आम्ल आणि अल्क यांचा उलगडा करणारा शास्त्रज्ञ

वाचकहो, पांढऱ्या सदऱ्यावर कालवणाचा थेंब सांडला तर काय होते, हे आपल्या नाटे गावातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. हळदीचा पिवळा डाग पडतो. अम्मी घाईघाईने त्यावर साबण घासते आणि पिवळा डाग एकदम लाल होतो. लहान मूल घाबरते, त्याला वाटते कापड जळाले. सदरा स्वच्छ पाण्यात खळबळला किंवा डागावर लिंबू पिळले की तोच लाल डाग पुन्हा पिवळा दिसू लागतो. हा चमत्कार आपण शंभर वेळा पाहिला असेल, पण त्याचे कारण किती जणांनी विचारले?

कारण थोडक्यात असे. लिंबू, चिंच, आमसूल, कैरी, ताक हे पदार्थ आम्ल आहेत. साबणाचे पाणी, चुन्याची निवळी, पापडखार, चुलीतील राखेचे पाणी हे अल्क आहेत. हळदीला या दोन जातींची ओळख पटते आणि ती तसा रंग बदलते. शाळेत हेच काम लिटमसचा कागद करतो. तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात उकळून काढलेला अर्कही हेच काम करतो. त्यात लिंबाचा रस टाकला तर तो गडद गुलाबी होतो, चुन्याची निवळी टाकली तर हिरवट. विद्यार्थी मित्रांनो, याला दमडी लागत नाही. आजच करून पाहा.

अल्क हा शब्दही आपल्या ओळखीचा निघेल. इंग्रजी पुस्तकातील अल्कली हा शब्द अरबीतून युरोपात गेला. खाऱ्या जमिनीत वाढणारी झुडपे जाळून जी राख मिळते तिला अरबीत अल-कली म्हणत. त्या राखेपासून साबण व काच तयार होई. पोटॅशियम या मूलद्रव्याचे चिन्ह के हे अक्षर का, असा प्रश्न मुले विचारतात. ते अक्षर कॅलियम या नावाचे आहे, आणि कॅलियम हे नाव याच कलीपासून आले आहे.

तेव्हा आंबट काय आणि खारट-तुरट काय, हे जगाला हजारो वर्षे माहीत होते. पण आंबट पदार्थ आंबट का, आणि आम्लात अल्क मिसळले की दोघांचाही गुण का मरतो, याचे समाधानकारक उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणाजवळ नव्हते. ते उत्तर एका पंचविशीतील तरुणाने शोधले, आणि त्याबद्दल त्याच्या विद्यापीठाने त्याला जवळजवळ नापास केले. त्याची हकिकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे. पालकांनीही ती वाचावी, कारण निकालाच्या दिवशी घरात जे वातावरण असते त्याच्याशी तिचा संबंध आहे.

स्वान्ते अऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडन देशात, उप्साला शहराजवळ विक येथे झाला. वडील जमीन मोजणीचे काम करीत व उप्साला विद्यापीठाच्या मालमत्तेची व्यवस्था पाहात. घर खाऊनपिऊन सुखी, परंतु श्रीमंत नव्हे. असे सांगतात की तिसऱ्या वर्षी हा मुलगा आपल्या आपण वाचावयास शिकला आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्या पाहता पाहता बेरजा करू लागला. आठव्या वर्षी तो शाळेत गेला तो थेट पाचव्या इयत्तेत. १८७६ साली शाळेची अखेरची परीक्षा तो आपल्या वर्गात सर्वांत लहान वयाचा असूनही उत्तम तऱ्हेने उत्तीर्ण झाला.

पुढे उप्साला विद्यापीठात मात्र त्याचे मन रमले नाही. तेथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेर टेओडोर क्लेव्हे होते. हे गृहस्थ साधे नव्हेत, होल्मियम आणि थुलियम या दोन मूलद्रव्यांचा शोध त्यांच्या नावावर आहे. पण नव्या पदार्थांचा शोध घेणे हेच खरे रसायनशास्त्र, असा त्यांचा कल होता. अऱ्हेनियस यांना हवे होते ते रसायन आणि वीज यांच्या सीमेवरचे काम. तेव्हा १८८१ साली ते स्टॉकहोमला गेले आणि तेथील विज्ञान अकादमीत एरिक एडलुंड या भौतिकशास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करू लागले.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न दिसावयास किरकोळ होता. कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही. अगदी शुद्ध पाणीही जवळजवळ नेत नाही. मग मीठ पाण्यात विरघळले की त्या द्रावणातून वीज खुशाल कशी वाहते? (हा प्रयोग विजेरीचा सेल व विजेरीचाच छोटा दिवा घेऊन करावा. घरातील विजेच्या बोर्डाला तारा लावून कोणी तो करू नये, जिवाशी गाठ आहे.) इंग्लंडमधील मायकेल फॅरडे यांनी १८३४ साली अशा द्रावणातून वीज वाहून नेणाऱ्या कणांना आयन हे नाव दिले होते. वीज सोडली म्हणजे ती पदार्थाचे तुकडे करते व आयन निर्माण होतात, अशी समजूत होती. अऱ्हेनियस यांनी अतिशय पातळ द्रावणे करून, ती पुन्हा पुन्हा पातळ करून, त्यांतून किती वीज वाहते हे मोजले. द्रावण जितके पातळ करावे तितका त्यातील पदार्थाचा प्रत्येक अंश वीज वाहण्यास अधिक तयार होतो, असे त्यांना दिसले. त्यावरून त्यांचे मत बनले की वीज सोडण्यापूर्वीच, नुसत्या पाण्यात विरघळण्यानेच, पदार्थाचा काही भाग सक्रिय झालेला असतो. आणि ज्या आम्लाचे द्रावण वीज चांगली वाहते तेच आम्ल रसायनक्रियेतही जोरकस असते, असेही त्यांनी मांडले.

आपली ही कल्पना ते मोठ्या उत्साहाने क्लेव्हे यांना सांगावयास गेले. क्लेव्हे यांनी ऐकून घेतले आणि विषय तेथेच मिटविला.

१८८४ साली अऱ्हेनियस यांनी सुमारे दीडशे पानांचा प्रबंध उप्साला विद्यापीठाला सादर केला. परीक्षकांना तो पटला नाही. त्यांचा आक्षेप आज बालिश वाटेल, पण तो त्या काळच्या ज्ञानानुसार होता, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा विषारी वायू. हे दोन्ही पाण्यात मोकळे फिरत असतील तर समुद्रातील मासे जिवंत कसे? आपल्या साखरी नाट्याच्या बंदरावरील कोणीही खलाशी हाच प्रश्न विचारील. याचे उत्तर असे की सोडियमचा अणू वेगळा आणि सोडियमचा आयन वेगळा. आयनावर विजेचा भार असतो, आणि त्या भारामुळे त्याचा स्वभावच पालटतो. पण हे समजण्यासाठी अणूच्या पोटात काय आहे ते कळावयास हवे होते. इलेक्ट्रॉन सापडला तो १८९७ साली, म्हणजे त्या प्रबंधानंतर तेरा वर्षांनी. परीक्षकांना सर्वस्वी दोष देण्यात अर्थ नाही.

निकाल लागला. प्रबंधाला चौथी श्रेणी आणि त्याच्या तोंडी समर्थनाला तिसरी. आपल्याकडील भाषेत सांगावयाचे तर उत्तीर्ण, परंतु काठावर. पदवी मिळाली, पण एवढ्या श्रेणीवर त्या विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळणे शक्य नव्हते. पंचवीस वर्षांच्या मुलाने वडिलांना ही बातमी कशी सांगितली असेल याची कल्पना ज्याने त्याने करावी.

येथे अऱ्हेनियस यांनी जे केले ते मला त्यांच्या साऱ्या गणितापेक्षा मोठे वाटते. ते कोणाशी भांडत बसले नाहीत आणि घरीही बसले नाहीत. प्रबंधाच्या प्रती बांधून त्यांनी परदेशातील नामांकित शास्त्रज्ञांकडे पाठवून दिल्या. जर्मनीत क्लॉसियस व लोथार मायर यांच्याकडे, ॲमस्टरडॅमला व्हांट हॉफ यांच्याकडे, आणि रीगा शहरात विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्याकडे. टपालखर्चापलीकडे या उद्योगात काही गुंतवावे लागले नाही.

ओस्टवाल्ड यांना तो प्रबंध मिळाला त्या दिवसाची हकिकत त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. त्या एकाच दिवशी त्यांचा दात ठणकून सुजला होता, घरात कन्यारत्न जन्मास आले होते, आणि टपालाने हा प्रबंध येऊन पडला होता. तिन्हींमध्ये प्रबंधानेच त्यांची झोप अधिक उडविली. याचे कारणही तसेच होते. ओस्टवाल्ड स्वतः निरनिराळ्या आम्लांचा जोर मोजत होते, पण वेगळ्या रीतीने, म्हणजे ती आम्ले रसायनक्रिया किती वेगाने घडवितात यावरून. त्यांनी आपले आकडे आणि विजेच्या वहनाचे आकडे शेजारी मांडून पाहिले. दोन्ही जुळले! १८८४ च्या ऑगस्ट महिन्यात ओस्टवाल्ड स्वतः उप्सालाला आले, त्या तरुणाला भेटले आणि त्यांनी त्याला रीगा येथे अध्यापकाची जागा देऊ केली. परका माणूस आपल्या मुलाला न्यावयास आला, हे पाहून उप्साला विद्यापीठाने लगबगीने त्याच वर्षी अऱ्हेनियस यांना अध्यापकपद दिले. वडील आजारी असल्यामुळे ते रीगाला गेले नाहीत, घरीच राहिले. १८८५ साली वडील वारले. मुलाचा पुढील मान त्यांना पाहावयास मिळाला नाही.

१८८६ पासून अकादमीच्या प्रवासवेतनावर अऱ्हेनियस यांनी रीगा, वुर्ट्सबुर्ग, ग्राट्स, ॲमस्टरडॅम व लाइपझिग असा प्रवास केला. ओस्टवाल्ड, कोलराउश, बोल्ट्झमन, व्हांट हॉफ अशा थोरांच्या सहवासात त्यांचा विचार पक्का झाला. व्हांट हॉफ यांनाही एक कोडे पडले होते. पाण्यात साखर घातली तर त्याचा गोठणबिंदू हिशेबाप्रमाणे उतरतो, पण मीठ घातले तर जवळजवळ दुप्पट उतरतो. अऱ्हेनियस यांना उत्तर दिसले. साखरेचा एक रेणू पाण्यात एकच राहतो. मिठाच्या एकाचे दोन कण होतात, म्हणून परिणाम दुप्पट. १८८७ साली त्यांनी निःसंदिग्धपणे जाहीर केले की आम्ले, अल्क आणि क्षार पाण्यात विरघळताच त्यांचे आयन सुटे होतात. याला विचरण म्हणतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अऱ्हेनियस यांच्या मते पाण्यात विरघळल्यावर जो पदार्थ हायड्रोजनचे आयन देतो तो आम्ल, आणि जो हायड्रॉक्साइडचे आयन देतो तो अल्क. चिंच, लिंबू व व्हिनेगर यांची आम्ले वेगवेगळी, त्यांची घडण वेगळी, पण आंबटपणा आणणारा हायड्रोजन आयन सर्वांत एकच. आम्ल आणि अल्क एकत्र आले की हायड्रोजनचा आयन व हायड्रॉक्साइडचा आयन मिळून पाणी होते. म्हणून दोघांचाही गुण मरतो आणि मागे क्षार उरतो. यालाच उदासिनीकरण म्हणतात. याचा एक सुंदर पुरावा आहे. जोरकस आम्ले आणि जोरकस अल्क यांच्या कोणत्याही जोड्या घ्या, एक मोल पाणी तयार होताना उष्णता जवळपास तेवढीच बाहेर पडते, सुमारे ५७ किलोज्यूल. नावे वेगळी असली तरी आत घडणारी क्रिया एकच, याहून अधिक काय सांगावे?

तीव्र व सौम्य आम्ल यांतील भेदही यातून उलगडला. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात जवळजवळ पूर्ण सुटते, म्हणून ते कातडी भाजते. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लाच्या पातळ द्रावणात शंभर रेणूंपैकी एखादाच सुटलेला असतो, म्हणून ते आपण सॅलडवर घालून खातो. (प्रयोगशाळेत तीव्र आम्ल पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल थोडे थोडे घालावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. ते उसळते.) १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सॉरेन्सन यांनी या हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावरून सामूची मोजपट्टी तयार केली. सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर अल्क. एका पायरीचा फरक म्हणजे दहापट. आपली कोकणातील जांभी जमीन आम्लधर्मी आहे, तिला चुना द्यावा असे शेतकी अधिकारी सांगतात, तेव्हा ते याच पट्टीवरून बोलत असतात.

औषधाच्या गोळीच्या वेष्टनावर हायड्रोक्लोराइड असा शब्द तुम्ही वाचला असेल. पुष्कळशी औषधे मुळात अल्कधर्मी असतात व पाण्यात नीट विरघळत नाहीत. त्यांना आम्लाशी जोडून क्षार केला की ती विरघळतात. हे शास्त्र जर्मनीत शिकून आलेले एक नाव आपल्याला जवळचे आहे. डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९२७ साली बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळविली आणि १९३५ साली मुंबईत सिप्ला हा औषधांचा कारखाना स्थापन केला. शास्त्र आपल्या भाषेत समजत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील प्राध्यापक बाळाजी प्रभाकर मोडक यांनी अऱ्हेनियस यांच्याच काळात मराठीतून रसायनशास्त्राची पुस्तके लिहिली होती. दक्षिणेतील मुसलमानी राज्यांचा इतिहासही याच मोडकांनी लिहिला आहे.

१८९१ साली अऱ्हेनियस स्टॉकहोमच्या उच्च विद्यालयात व्याख्याते झाले, १८९५ साली विरोधाला तोंड देऊन प्राध्यापक झाले. १९०३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले स्वीडिश नागरिक. पारितोषिक कशासाठी? ज्या सिद्धान्ताला चौथी श्रेणी मिळाली होती त्याच सिद्धान्तासाठी. आणि रसायनशास्त्राच्या नोबेल समितीवर त्या वेळी कोण होते? प्राध्यापक क्लेव्हे! मत बदलावे लागले तर ते उघडपणे बदलण्याचे मोठेपण या गुरूजवळ होते, हेही नोंदले पाहिजे.

सिद्धान्त अखेरचा नव्हता. मीठ व तीव्र आम्ले यांच्या बाबतीत त्यांचे आकडे नीट जुळत नसत. त्या दुरुस्तीचा एक प्रयत्न १९१८ साली आपल्या देशातील ज्ञानचंद्र घोष यांनी केला. १९२३ साली डेबाय व ह्युकेल यांनी तो प्रश्न अधिक चांगल्या रीतीने सोडविला. अमोनियात हायड्रॉक्साइड नसताना तो अल्कासारखा का वागतो, याचा खुलासा त्याच वर्षी ब्रन्स्टेड व लाउरी यांनी केला. तरीही शाळेत पहिला धडा आजही अऱ्हेनियस यांचाच शिकवितात.

थोर पुरुषाच्या चरित्रात फक्त गोड तेवढेच लिहावे, असे मला वाटत नाही. आपल्या सिद्धान्ताची टर उडविली गेल्याचे दुःख ज्याने भोगले, त्याच अऱ्हेनियस यांनी पुढे मेंडेलीव यांना नोबेल मिळण्यास विरोध केला. मेंडेलीव यांनी त्यांच्या सिद्धान्तावर टीका केली होती. मूलद्रव्यांची आवर्तसारणी देणारा तो रशियन शास्त्रज्ञ १९०७ साली पारितोषिकाविनाच वारला. याहून वाईट म्हणजे, माणसांचे वंश श्रेष्ठ व कनिष्ठ ठरवून वंशशुद्धी करू पाहणारी जी संस्था स्वीडनमध्ये १९०९ साली निघाली तिला अऱ्हेनियस यांचा पाठिंबा होता. आयन मोजताना एकेका आकड्याचा पुरावा मागणारा मनुष्य माणसांच्या बाबतीत पुराव्याविना बोलू लागला. विद्या आणि शहाणपण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचा हा कडू दाखला आहे.

त्यांचे आणखी एक काम सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचले आहे. १८९४ साली त्यांचा आपली विद्यार्थिनी सोफिया रुडबेक हिच्याशी विवाह झाला होता. तो टिकला नाही, दोन वर्षांत काडीमोड झाला. त्याच सुमारास त्यांनी एक प्रचंड हिशेब मांडला होता. कोळसा जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल? सुमारे एक वर्ष त्यांनी कागदावर हाताने आकडेमोड केली आणि १८९६ साली उत्तर प्रसिद्ध केले : पाच ते सहा अंश. असे होण्यास हजारो वर्षे लागतील आणि थंड देशांना ते सुखाचेच होईल, असा त्यांचा अंदाज होता. वेळेचा हा अंदाज पार चुकला.

२ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले व उप्सालात दफन झाले. हवेतील त्या वायूचा मोठा भाग समुद्रात विरघळतो, आणि पाण्यात विरघळला की तो कार्बोनिक आम्ल होतो, म्हणजे हायड्रोजनचे आयन सोडतो. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी जगातील समुद्राच्या वरच्या थराचा सामू सुमारे ८.२ होता, आता तो सुमारे ८.१ आहे. पाणी अजून अल्कधर्मीच आहे, पण एक दशांशाचा हा उतार म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे पाव हिश्शाची वाढ. कालवे, तिसऱ्या, शिवल्या यांचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. आपले वाडवडील शिंपले भाजून भिंतींसाठी जो चुना करीत तो याच पदार्थापासून. शिंपल्याचा एक तुकडा वाटीत घेऊन त्यावर लिंबू पिळून पाहा. बारीक बुडबुडे येऊ लागतील.